काशीरामची खरी गार

काशीरामच्या घरात एकही काच धड नव्हती. मंजुळेने माहेरून आणलेल्या आरशावर उभे-आडवे इतके ओरखडे होते, की त्यात तोंड पाहणाऱ्याला आपण कोंबड्यांच्या डालग्याखाली सापडलो आहोत असं वाटावं. कंदिलाच्या काचेची तीच गत. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी तेवढ्या शाबूत होत्या, कारण त्यांना हात लावलात तर त्या दिवसापासून भाकरी बंद, असा दम मंजुळेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी भरून ठेवला होता.

कुणाला विडीचं वेड असतं, कुणाला निवडणुकीचं. काशीरामला गारेचं, म्हणजे गारगोटीचं, होतं. ओढ्यात, खडपाच्या उघड्या कातळावर, रस्त्याच्या खडीत कुठेही पांढरा चकाकता दगड दिसला की हा माणूस बसलाच उकिडवा. मग परीक्षा सुरू. आधी चाकू. चाकूने ओरखडा उठला की दगड नापास. मग लिंबू. दगडाची पूड करायची आणि तिच्यावर लिंबू पिळायचं. चरचरून फेस आला तर ती चुन्याच्या जातीची, दिसायला गोरीगोमटी पण अंगात दम नाही, तीही नापास. शेवटी काच. करकर करून काचेवर रेघ उठली आणि दगडाचं टोक जसंच्या तसं राहिलं, तर ती खरी गार.

"चाकूचाच रंग तिच्यावर उतरतो, तिचं काय जात नाय," असं तो सांगे, आणि सांगताना त्याचा चेहरा सोयरिकीत आपल्या भाचीचं कौतुक करणाऱ्या मामासारखा होई. लिंबू मंजुळेच्या परड्यातलं आणि आरसाही तिचाच, त्यामुळे या शास्त्राची झळ गावात एकाच माणसाला लागत होती.

नुसता गारवेडा म्हणून त्याला सोडून देता आलं नसतं, कारण हातात हुन्नर होता. घाटातला रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा तो पहार धरायला म्हणून गेला आणि पंधरा वर्षांनी सुरुंगवाला होऊन परतला. खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि "बाऽऽर हाय" अशी आरोळी ठोकून आडोशाला पळायचं. आरोळी इतकी खणखणीत, की मागून होणारा बार फिका वाटे. घाटातून आल्यावर त्याने एका ठेकेदाराच्या हाताखाली विहिरी धरल्या. तुडीलपासून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत सतरा विहिरी खोदल्या आणि सतराच्या सतरा विहिरींना पाणी लागलं. खडकाला कान लावून तो घणाचा ठोका ऐके आणि आत काय आहे ते सांगे. बहुतेक वेळा बरोबर सांगे. चुकला तर खडक चुकला म्हणे.

या सतरा विहिरींत पाणी लागायच्या आधी खरी गार लागली होती. सतरा वेळा एकच गोष्ट घडली की माणूस तिचा कायदा करतो. काशीरामचा कायदा तीन शब्दांचा होता: गार तिथं पानी. त्याचं म्हणणं असं, की दगड इतका निर्मळ व्हायचा तर पाण्याचा हात लागल्याशिवाय कसा होईल? या म्हणण्यातला अर्धा भाग अगदी बरोबर होता. इतका अर्धा बरोबर कायदा सरकारनेसुद्धा क्वचितच केला असेल.

आणि या कायद्यावर, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, त्याच्या स्वतःच्या वाडीची विहीर उभी राहायची होती.

पळसकोंड हे गाव मोठ्या रस्त्यापासून दीड कोस आत, डोंगराच्या उतारावर आहे. वर वरची वाडी, तिथे गुरं, शेती आणि दगडांनी बांधलेली विहीर. खाली बौद्धवाडी, तीस घरं, आणि विहीर नाही. वरच्या विहिरीवर बौद्धवाडीच्या बायकांनी हंडे लांब मांडायचे आणि उभं राहायचं. कुणाला सवड झाली आणि मर्जी झाली तर वरून ओतणार. नाही झाली तर नदी: मैलभर उतरायचं आणि भरल्या हंड्यानिशी मैलभर चढायचं. दरवर्षी वीस मार्चला सगळी वाडी निळे झेंडे घेऊन महाडला जाई, चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिऊन येई, आणि एकवीस मार्चला मंजुळा पुन्हा वरच्या विहिरीपाशी हंडा मांडून लांब उभी. हे बेकायदेशीर आहे, असं दिल्लीत ठरून पुष्कळ वर्षं झाली होती. पण दिल्लीहून निघालेली गोष्ट महाडच्या मोठ्या रस्त्यापर्यंत गाडीने येते. पुढचा दीड कोस तिला चालायचा कंटाळा येतो.

वाडीतला दत्ताराम महाडला एका कचेरीत कारकून होता. विहिरीचे अर्ज लिहून लिहून त्याचं अक्षर सुधारलं, तेव्हा कुठे एक विहीर मंजूर झाली. एकच. जागा वाडीने दाखवायची.

जागेवरून दोन पक्ष पडले. वरच्या वाडीतला नाथू पाणाड्या, बोलावलेलं नसताना, पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा ठेवून उतारभर फिरून गेला आणि उंबराखाली त्याचा नारळ उभा राहिला. काशीरामने खडपाकडे बोट दाखवलं. तिथे जमिनीतून गारेचे दाणे बाहेर आले होते आणि संध्याकाळच्या उन्हात सगळं खडप मिठागरासारखं चमकत होतं. निवाडा गोदूबाईने केला. गोदूबाई ही वाडीतली सगळ्यात वयस्क बाई, आणि तिच्या जिभेला चाकू-लिंबू-काच यांपैकी कशाचीच भीती नव्हती. ती म्हणाली, "नारळ उभा राह्यला तर खोबरं खाऊ. पानी आपला काशीराम काढंल."

आपला काशीराम. या दोन शब्दांनी त्याची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. मंजुळेने ते शिवून दिलं आणि म्हणाली, "पानी लागू दे, मग फुगा."

ओव्हरसियर साहेब जागा पाहायला आले. त्यांना खडप पसंत पडलं नाही. इथे नुसता पाषाण लागेल म्हणाले. काशीरामने त्यांना खऱ्या गारेचं महत्त्व समजावून सांगायला घेतलं. चाकू झाला, लिंबू झालं, आणि काचेची वेळ आली तेव्हा जवळ काच नव्हती. त्याने मोठ्या आदराने साहेबांचा डावा हात धरला आणि मनगटावरच्या घड्याळावर रेघ ओढून दाखवली. रेघ झकास उठली. घड्याळ सासऱ्याने दिलेलं होतं. साहेबांनी घड्याळ बाहीखाली ओढलं, सही केली आणि ते गेले. काशीरामला वाटलं, पटलं.

फाल्गुनात खोदाई सुरू झाली. आठ फूट मुरूम, त्याखाली बोदा, जाळीदार खडक, आणि त्यात गारेचे डोळेच डोळे. वाडीतली माणसं उपसा करायला आपणहून येत. बावीस फुटांवर घणाचा आवाज बदलला. काशीरामने कान लावला, उठला, आणि सगळ्यांना वर पाठवून पाच भोकांचा बार लावला. धूर निवळल्यावर तो दोरावरून खाली उतरला. विहिरीच्या बाजूला भाताच्या कणगीएवढी पोकळी उघडी पडली होती.

आत गार होती, पण अशी गार त्याने सतरा विहिरींत मिळून पाहिली नव्हती. पोकळीच्या भिंतीला आधी मेणासारख्या निळसर दगडाचं अस्तर, त्यावर बारीक दाण्यांची साय, आणि त्यातून बाहेर आलेले वीतवीत लांबीचे खडे, पाण्यासारखे स्वच्छ, प्रत्येकाला सहा बाजू आणि वर टोक, जणू एखाद्या नेटक्या मुलीने पेन्सिलींना टोकं काढून पेटीत उभ्या लावल्या होत्या. सगळी टोकं आतल्या बाजूला, पोकळीच्या मधोमध रोखलेली. वरून ऊन आलं आणि सगळी विहीर उजळली. पन्नाशीला टेकलेला, अर्धं आयुष्य दगड फोडण्यात घालवलेला हा माणूस तिथे तोंड उघडं ठेवून उभा राहिला, आणि नंतर, वर कुणी बघत नाही अशी खात्री करून, त्याने एका खड्याला गाल लावला.

"पानी?" वरून मंजुळेने विचारलं.

"येतं गो. एवढी गार हाय म्हंजे नदीच हाय मागं."

मागे नदी नव्हती. पोकळी हाडासारखी कोरडी होती. पुढच्या पाच फुटांत आणखी चार पोकळ्या निघाल्या, सगळ्या गारेने भरलेल्या, सगळ्या कोरड्या. त्याखाली काळा पाषाण लागला, एकसंध, घण उसळवणारा. काशीराम रोज सकाळी उतरून तळाला हात लावून बघे. हाताला धूळ लागे.

पाण्याची बातमी नव्हती, पण गारेची बातमी पसरली. आधी वरची वाडी बघून गेली. मग पोलादपूरचे दुकानदार, महाडचे मास्तर. वैशाखात पुण्याच्या कॉलेजातले एक सर वीस विद्यार्थी घेऊन आले. सर फार गोड माणूस. डोक्यावर टोपी, गळ्यात भिंग. विहिरीत डोकावले आणि "अरे वा, अरे वा" करत तोल जाऊन पडायचेच राहिले. काशीरामने त्यांना चाकू, लिंबू आणि काच दाखवली तेव्हा त्यांनी त्याला मिठीच मारली. हे सगळं आपण वर्गात दोन महिने शिकवतो आणि हा गृहस्थ शाळेत न जाता शिकलाय, असं त्यांनी मुलांना सांगितलं. काशीरामचं बटण पुन्हा धोक्यात आलं.

मग सर विहिरीच्या काठावर बसून बोलले, आणि वाडीनेही ऐकलं. हा सगळा मुलूख कोणे एके काळी लाव्ह्याचा होता, तापलेल्या काकवीसारखा. त्यात वाफेचे फुगे होते. काकवी गोठली आणि फुगे आत तसेच राहिले, अनारशाला जाळी पडते तसे. मग त्यातून पाणी झिरपायला लागलं, कोमट, तुमच्या सव गावच्या झऱ्यासारखं. त्या पाण्यात गार विरघळलेली होती, साखर विरघळते तशी, फक्त फार थोडी. पाणी पोकळीत यायचं, निवायचं आणि जाताना गारेचा एक कण भिंतीला चिकटवून जायचं. कणावर कण चढले. लाखो वर्षं. मधे जागा मोकळी होती म्हणून खड्यांना टोकं फुटली. जागा नसती तर नुसता गोळा झाला असता.

ऐकता ऐकता काशीरामचा चेहरा खुलत गेला. त्याचा कायदा पुण्याहून मोटारीत बसून त्याच्या दारी आला होता. त्याने विचारलं, "म्हंजे गार पान्यानंच केली?"

"पाण्यानेच."

"मग ते पानी कुठं हाय, सर?"

 सरांकडे खोटं बोलायची सोय नव्हती. ते म्हणाले की पाण्याने आपल्या हाताने आपली वाट बुजवली. जी भोकं होती ती गारेने भरून टाकली आणि खडक बंद झाला. ज्या सतरा विहिरींत पाणी लागलं, तिथला खडक नंतर कुजला होता, फुटला होता. पाणी त्या भेगांतून आलं, गारेतून नव्हे. इथला खडक अजून धडधाकट आहे.

काशीराम बसल्या जागी लहान झाला. माणसाला आपली चूक कळणं वाईटच, पण इतक्या प्रेमाने, इतक्या सोप्या भाषेत आणि गोदूबाईच्या समोर कळणं फारच वाईट.  

पण तो सुरुंगवाला होता; एक बार फुसका गेला तर दुसरा लावायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने विचारलं, ह्याच्या खाली काय? सरांनी बोटाने मातीत रेघा काढल्या. खाली काळा पाषाण, आणि त्याच्याखाली तांबडा पट्टा, गेरूसारखा. त्याच्या आधीच्या लाव्ह्यावर साचलेली, भाजलेली माती. पाणी असेल तर त्या सांध्यावर असेल. आणखी दहा फूट, फार तर बारा.

"दहा फूट म्हंजे पंधरा दिवस," काशीराम म्हणाला आणि उठून उभा राहिला.

तेवढ्यात एका विद्यार्थ्याला चक्कर आली. ऊन फार होतं. सगळ्यांनाच तहान लागली होती. मंजुळेने पहाटे नदीवरून आणलेले दोन हंडे बाहेर काढले आणि वीस मुलं घटाघटा प्यायली. एका मुलीने पाण्याची तारीफ केली; किती गोड आहे म्हणाली, ह्याच विहिरीचं का? मंजुळा म्हणाली, "नाय बाय, ही नुसती बघायची." आणि रिकामे हंडे घेऊन उतरायला लागली.

आता सरांच्या चांगुलपणाचं सांगायला हवं, कारण वाडीचं वाटोळं त्याने केलं. पुण्याला गेल्यावर सरांनी ओव्हरसियर साहेबांच्या कचेरीला पत्र लिहिलं. इतके सुंदर स्फटिक या भागात विरळा. ते सुखरूप काढून घेईपर्यंत या विहिरीत कृपया सुरुंग लावू नये. आमचं पथक दिवाळीनंतर येईल. पत्राखाली तीन पदव्या होत्या. ओव्हरसियर साहेबांनी ते पत्र वाचलं, मनगटावरची रेघ पाहिली आणि त्याच दिवशी काम थांबवलं. साहेबांच्या चिठ्ठीशिवाय ठेकेदार सुरुंगाची दारू देईना.

पाऊस आला. पळसकोंडच्या पावसात उलटी ठेवलेली टोपलीसुद्धा भरते. ही तर सत्तावीस फुटांची विहीर. उतारावरचं सगळं गढूळ पाणी तिच्यात उतरलं. श्रावणात साहेब छत्री घेऊन आले, बांबू बुडवून पाहिला, चौदा फूट पाणी भरलं. विहिरीपाशी गोदूबाईला उभं करून फोटो काढला. त्या फोटोत ती हसते आहे असं साहेबांना वाटलं. ती खरं तर दात विचकून काहीतरी बोलत होती. कागदावर लिहिलं गेलं: काम पूर्ण. पाणी आहे.

मार्गशीर्षात तळ दिसला. काशीराम महाडला चालत गेला. दत्ताराम बरोबर होता, कारण कचेरीत बोलायची भाषा त्याला येत असे. दत्ताराम म्हणाला की विहीर कोरडी आहे, दहा फूट खोल करायची आहे. साहेबांनी कागद काढून दाखवला. पाणी आहे. काशीराम म्हणाला, ते पावसाचं होतं. साहेब म्हणाले, सगळं पाणी पावसाचंच असतं. शास्त्राच्या दृष्टीने तेही बरोबरच होतं. शेवटी साहेबांनी आवाज मऊ करून सांगितलं की आपला काही विरोध नाही, पण विहिरीत ते अमूल्य खडे आहेत ना. ते आहेत तोवर बार लावता येत नाही.

काशीराम घरी आला. दिवाळी उलटून दोन महिने झाले होते, पथकाचा पत्ता नव्हता. शिमग्याच्या आधी एका सकाळी त्याने मोठा घण घेतला आणि दोरावरून खाली उतरला. मंजुळेला वाटलं, तळ ठोकायला गेला. मग आवाज आला, आणि तो दगडाचा आवाज नव्हता; भांड्यांच्या दुकानात रेडा शिरावा तसा होता.

खरी गार सहजी फुटत नाही, पण फुटते तेव्हा काचेसारखी फुटते, वाटेल तशी, आणि तुकडा सुरीसारखा होतो. तीन दिवस तो फोडत होता. घणाखाली ठिणग्या उडत होत्या. पाचही पोकळ्या त्याने साफ केल्या, एक टोक उभं ठेवलं नाही. हात, पाय, कपाळ रक्ताने माखलेलं. मंजुळा वरून नुसती बघत बसली होती. तिने त्याला तीस वर्षांत दगडाशी इतकं वाईट वागताना पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वर आल्यावर त्याने हात धुवायला पाणी मागितलं. तिने तांब्या दिला आणि म्हणाली, अर्धाच वापरा.

आठवड्याने सर आले. कापूस, लाकडी पेट्या, गवत, सगळं घेऊन आले. खाली वाकून पाहिलं आणि तिथेच मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "काशीराम, हे व्हायला लाखो वर्षं लागली होती हो."

काशीराम म्हणाला, "आमची बी तेवढीच होत आली, सर."

सरांना ते कळलं. गोड माणूस होता. त्यांनी तिथल्या तिथे दुसरं पत्र लिहून दिलं की आता सुरुंगाला आपली हरकत नाही. साहेबांनी त्यावर उत्तर दिलं की विहीर पूर्ण झालेली असल्याने सुरुंगाचा प्रश्न उद्भवत नाही.

मग वाडीने हाताने खोदायला घेतलं. छिन्नी, घण, पहार. काळ्या पाषाणात महिनाभर घाम गाळला की एक वीत तळ खाली जाई. पावसाळ्यात विहीर भरे, मग उपसायची, मग पुन्हा ठोका. पहिल्या वर्षी पंधरा माणसं येत, दुसऱ्या वर्षी आठ. खाली महाडला कारखाने उभे राहू लागले, आणि पोरं पाळीला जाऊ लागली. पाळीहून आलेला माणूस घण उचलत नाही, उशी उचलतो. चौथ्या वर्षी काशीराम एकटा होता. पाच फूट झाले होते. उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली होती, आणि चमच्याने कालवण खाताना तो चमचा पहारीसारखा मुठीत धरी. वाडीतल्या बायका नदीवर जाताना विहिरीवरून जात आणि खालून येणारा ठकठक आवाज ऐकून एकमेकींना म्हणत, "काशीरामभाऊ पान्याला हाक मारतायत." ही थट्टा होती, पण तिच्यातली माया दरवर्षी थोडी आटत होती.

त्र्याऐंशी साली सरकारने हातपंपांची योजना काढली. बोअर मारायची गाडी धूळ उडवत पळसकोंडला आली आणि वरच्या वाडीला गेली. वाटेत नाथू पाणाड्या नारळ घेऊन पुढे चालत होता. त्याने जागा दाखवली तिथेच गाडी लागली. काशीराम दिवसभर लांब उभा राहून नळीतून येणारा चिखल बघत होता. पांढरट, करडा, काळा, काळा, काळा. शहात्तर फुटांवर चिखल तांबडा झाला, गेरूसारखा, आणि मागोमाग पाणी उसळलं. वरच्या वाडीने नाथूला खांद्यावर घेतलं. नारळ फोडून वाटला.

काशीरामने दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणली, आणि एक टोक स्वतः धरून व दुसरं मंजुळेच्या हाती देऊन, टप्प्याटप्प्याने बोअरपासून विहिरीपर्यंत उतार मोजला. चाळीस फूट उतार भरला. शहात्तरातून चाळीस गेले, छत्तीस. विहीर बत्तीस फूट होती. त्याने दोनदा मोजलं. चार फूट.

संध्याकाळी त्याने वाडी जमवली आणि सांगितलं. आणखी चार फुटांवर तांबडा पट्टा आहे, मी डोळ्यांनी बघून आलो. दोन उन्हाळे सगळ्यांनी हात लावला तर होईल.  मग दत्तारामने घसा साफ केला. तो कचेरीतून बातमी घेऊन आला होता. हातपंपाच्या यादीत बौद्धवाडीचं नाव नव्हतं. नावापुढे लिहिलं होतं: विहीर आहे. ज्या वाडीला विहीर आहे तिला पंप नाही. वरच्या वाडीची विहीर वाडवडिलांची, ती सरकारी कागदावर कधी आलीच नव्हती. गाडी एका दिवसात भोक पाडून जाते. पण विहीर असेपर्यंत गाडी इकडे वळणार नाही.

"मंग?" कुणीतरी विचारलं.

दत्ताराम जमिनीकडे बघत म्हणाला, "विहीर नसली पायजे."

काशीराम उठला. चार फूट, तो म्हणाला. फक्त चार फूट. गोदूबाई आता आंधळी झाली होती. ती आवाजाच्या दिशेने वळली. "काशीराम, तुज्या फुटांची गोस्ट मी सा वर्सं ऐकतेय रे. आदी दहा होते, आता चार हायत. माज्या सुनेची मान वाकडी झाली हंडे वाहून. तुला पानी काढायचं हाय का आमाला पानी पायजे, ते एकदा सांग."

 वाडीतल्या सगळ्यांना वाटत होतं, आता हा चिडेल, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "सकाळी टोपल्या घेऊन या."

सहा वर्षांत विहिरीतून जे जे वर काढलं होतं, ते काठावर ढीग घालून पडलेलं होतंच. काळा पाषाण, बोदा खडक, मुरूम, आणि सगळ्यात कडेला गारेच्या चुऱ्याचा ढिगारा. पहिली टोपली काशीरामने टाकली. बत्तीस फूट खाली जाऊन दगड आपटल्याचा आवाज त्याने कान देऊन ऐकला, सवयच ती. मग पंधरा माणसं आली, मग तीस. खोदायला जी पोरं येत नव्हती ती बुजवायला पाळी चुकवून आली. काढायला सहा वर्षं लागली होती. भरायला अठरा दिवस पुरले. वर मुरूम टाकून काशीरामने तो चोपणीने नीट बडवला. काम अर्धवट ठेवायची त्याला सवय नव्हती.

पुढच्या वर्षी हातपंपाच्या अर्जावरून नवे साहेब तपासणीला आले. तरुण होते, नाकासमोर चालणारे. त्यांच्या हातात जुना कागद होता आणि कागदावर फोटो होता: पाण्याने भरलेली विहीर, आणि तिच्यापाशी दात विचकणारी एक म्हातारी. म्हातारी आता नव्हती. साहेबांनी सपाट जमिनीवरून दोन फेऱ्या मारल्या. तिथे कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, इथे विहीर होती म्हणे? कुणी खोदली होती?

सगळी वाडी काशीरामकडे बघायला लागली. मंजुळा मात्र मिरच्या हलवत राहिली.

"नाय साहेब," काशीराम म्हणाला. "हितं कंदी विहीर नव्हती."

"तुम्ही कोण?"

"कोण नाय. हितंच राहतो."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.